लॉन्ड्रीपुरती मुलगी

५ मार्च, बुधवार

कपड्यांचं मशीन बंद पडलं. आधी 'मशीन गेलं' असं लिहिलं होतं, ते खोडलं. सध्या घरात 'गेलं' हा शब्द मी जपून वापरते. परवा 'लाइट गेली' म्हणायच्या ऐवजी 'लाइट नाहीये' म्हणाले. आईंनी, माझ्या सासूबाईंनी, मान डोलावली. त्याही बहुतेक तेच करतात. दूध नासलं, की 'दूध बिघडलं' म्हणतात, 'दूध गेलं' म्हणत नाहीत.

मशीनचं दार उघडत नाही. आत चादरी आणि पाणी. काचेतून बघितलं तर मत्स्यालय!

दुरुस्तीवाल्याला फोन केला. 'पुढच्या आठवड्यात येतो.' म्हटलं, पुढच्या म्हणजे कधी? 'पुढच्या म्हणजे पुढच्या, ताई.'

६ मार्च, गुरुवार

सकाळी बाथरूममधून थपथप आवाज. आई काही केल्या दार उघडेनात. 'काय करताय?' 'व्यायाम.' उघडलं तेव्हा कळलं — टबात स्वतःचे कपडे भिजवून, नळाला धरून, पायांनी तुडवत होत्या. पंचाहत्तरीला! घसरल्या असत्या म्हणजे? म्हटलं, कोपऱ्यावर मशीनची लॉन्ड्री आहे, आपले कपडे आपणच धुवायचे, शनिवारी जाऊ.

'परक्या मशीनमध्ये माझे कपडे?'

'मशीनला काय कळतंय?'

'मला कळतंय ना!'

हे आमचं या महिन्यातलं सर्वांत मोठं संभाषण. एरवी 'चहा?' 'अर्धा.' एवढंच.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाई आणि मी एका घरात राहतोय ते या हिवाळ्यापासूनच. त्या कायम धाकट्या मुलाकडे, म्हणजे भावजींकडे, दुसऱ्या गावी. ह्यांच्या आजारपणात आल्या, आणि हे गेल्यावर इथेच राहिल्या. मार्च संपताना भावजी येऊन त्यांना परत नेणार आहेत. ते ठरलेलं आहे, म्हणून त्यावर आम्ही बोलत नाही. ह्यांच्याबद्दलही बोलत नाही. नाव निघालं तर काय होईल याची दोघींना धास्ती. ज्याने ओळख करून दिली तोच मधून उठून गेला, तर दोन पाहुण्यांनी एकमेकींशी काय बोलायचं?

८ मार्च, शनिवार

लॉन्ड्री झाली एकदाची. आणि भलतंच होऊन बसलं.

लांबट खोली. एका भिंतीला गोल दारांची मशीनं, समोर वाळवायची मोठी. मधे घड्या घालायला टेबल. खिडकीशी खुर्च्या. वास छान, गरम कापडाचा. आईंनी पिशवी छातीशी धरलेली, जणू कोणी हिसकावणार आहे. मी पांढरे आणि रंगीत वेगळे करत होते तेवढ्यात टेबलापाशी एक बाई — पीठ लागलेल्या ॲप्रनचा ढीग, बेकरीवाल्या निघाल्या — म्हणाल्या, 'नवीन दिसताय. आई का तुमच्या?'

मी 'नाही, सासूबाई' म्हणायला तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाल्या, 'हो. ही माझी मुलगी.'

मी साबणाचं माप हातात धरून उभी.

पुढे तासभर मुलगी होऊन बसले. तसं बोलायची वेळ फारशी आलीच नाही, कारण बोलायला बेकरीवाल्या समर्थ होत्या. पण शेवटी मशीन थांबलं आणि मी सवयीने म्हणाले, 'अहो आई, तुमची उशीची खोळ.' बेकरीवाल्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईंकडे.

घरी येताना मी विचारलं, असं का सांगितलंत?

'मग काय सांगू? सून म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला — मुलगा काय करतो? काय सांगायचं? ती बाई अरेरे करणार, चार माणसं बघणार, आपण दोघी मान खाली घालून उभ्या. कपडे धुवायला गेलोय की स्वतःला धुवून घ्यायला?' थोडं चालून म्हणाल्या, 'मुलगी म्हटलं की कुणी काही विचारत नाही.'

खरं आहे. प्रयोगशाळेत अजून लोक माझ्याशी बोलताना आवाज बारीक करतात. पाण्याचे नमुने तपासायला देतानासुद्धा, जणू पाणीच आजारी आहे.

'पण तू घोटाळा केलास,' आई म्हणाल्या. 'पोटची पोर आईला अहो म्हणते का? तिथे अगं म्हणायचं.'

'मला नाही जमायचं.'

'लॉन्ड्रीपुरतं गं.'

९ मार्च, रविवार

अगं आई. अगं आई, तू बस. — आरशासमोर म्हणून पाहिलं. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं होतं.

१२ मार्च, बुधवार

संध्याकाळी कामावरून आल्या आल्या आई पिशवी घेऊन तयार. 'चल, नाहीतर मशीनं भरतील.'

मी युक्ती काढली आहे. 'अगं' आणि 'अहो' दोन्ही टाळायचे. 'साबण हवाय?' 'बसायचंय का?' वाक्यातून माणूसच काढून टाकायचा. बेकरीवाल्या म्हणाल्या, 'ताई फार कमी बोलतात.' आई म्हणाल्या, 'मोठेपणी गप्प झाली. लहानपणी काय वात आणायची!'

आणि सुरू झाल्या. मी सात वर्षांची असताना म्हणे शाळेत फोटो काढणार होते. आदल्या दिवशी कात्री घेऊन मी स्वतःचे केस कापायला बसले, केस राहिले बाजूला, एक भुवई साफ! 'वर्गातल्या सगळ्यांना दोन, हिला एकच. आणि फोटोत हसतेय अशी, जणू बाकीच्यांनाच एक जास्त आहे.'

बेकरीवाल्या टेबल धरून हसल्या. खुर्चीत पेपर वाचणारे एक काका — बस चालवतात, गणवेश धुवायला येतात — त्यांनी पेपर खाली करून माझ्या भुवया नीट पाहिल्या. दोन्ही!

मी घरी आल्यावर म्हटलं, 'मी कधी हो भुवई कापली?'

आई स्वयंपाकघरात निघून गेल्या. 'अर्धा कप घेशील का?' आतून आवाज. आज पहिल्यांदा चहा त्यांनी केला.

१३ मार्च, गुरुवार

प्रयोगशाळेत नकळत भुवई चाचपत होते. मदतनीस बाई विचारत होती, डोळा आलाय का.

१५ मार्च, शनिवार

आज मी पाचवीत नापास झाले. निकाल पिठाच्या डब्यात पुरून ठेवला. दोन दिवसांनी पोळ्यांच्या कणकेतून छापील अक्षरं बाहेर आली. बेकरीवाल्यांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी पुन्हा सांगायला लावली.

मी आयुष्यात कधी नापास झाले नाही! रसायनशास्त्रात वर्गात पहिली होते. टॉवेलांच्या घड्या जरा जोरातच घातल्या.

मग कुत्र्याची गोष्ट. दूध आणायला पाठवलं तर कुत्रं घेऊन परत. 'मी म्हटलं, हे काय? तर म्हणते, मी नाही आणलं, त्यानेच मला घरी आणून सोडलं. मी दार लावलं, तर मागच्या दाराने धावत आला —' आई थांबल्या. '— आली. धावत आली, कुत्र्याला घेऊन.'

बेकरीवाल्यांच्या लक्षात आलं नाही. मशीन पाणी भरत होतं, मी त्याच्याकडे बघत राहिले.

आला.

आपल्या भाषेत क्रियापदालासुद्धा बाई-पुरुष असतो, मोठी पंचाईत आहे. एवढी गोष्ट आला-चं आली, पडला-ची पडली करत सांगायची, एखादा सुटणारच.

ह्यांच्या डाव्या भुवईचं टोक विरळ होतं. मी लग्नानंतर विचारलं होतं, हे कशाने? म्हणाले होते, जन्मतःच. लबाड!

घरी येताना त्या पुढे, मी मागे. त्यांची चाल हलकी वाटली.

१६ मार्च, रविवार

दिवसभर विचार केला. घरात एक शब्द काढत नाहीत. तिथे, अनोळखी लोकांत, माझ्या नावावर ह्यांना पोटभर बोलतात. मुलगा म्हणून बोलल्या तर 'गेला' म्हणावं लागेल. मुलगी म्हणून तो शेजारी बसून घड्या घालतोय!

ठरवलं. काय वाटेल ते सांगोत. मी एकदा सोडून दहादा नापास व्हायला तयार आहे.

१८ मार्च, मंगळवार

दुरुस्तीवाला आला, आई डुलकी घेत होत्या. पंपात मोजा अडकलेला. माझा पांढरा, जुना. सिनेमात असतं तर ह्यांचा निघाला असता.

मशीन उत्तम चालतंय. त्याला दारापर्यंत सोडलं, मशीनवर कव्हर घातलं, वर इस्त्रीच्या कपड्यांची टोपली ठेवली.

आई उठल्या. 'झालं का दुरुस्त?'

'पार्ट मिळत नाहीये म्हणाला.'

'असू दे. घाई कुठे आहे?'

खोटं किती सहज आलं! संगतीचा परिणाम.

१९ मार्च, बुधवार

आज थोडक्यात वाचलो. सगळी लॉन्ड्री भरलेली, आई रंगात आलेल्या. शाळेत नवीन बाई आल्या होत्या, गोऱ्या, कुरळ्या केसांच्या. 'घरी येऊन जाहीर केलं, लग्न करीन तर बाईंशीच! तीन दिवस जेवली नाही. रोज त्यांच्या दारात फूल ठेवून यायची.'

सगळे गप्प. मशीनसुद्धा नेमकं गप्प.

बेकरीवाल्या म्हणाल्या, 'बाईंशी?'

आईंनी डोळ्याची पापणी हलवली नाही. 'बाईंच्या भावाशी. त्यांना एक भाऊ होता. तोही कुरळा.'

बसवाले काका म्हणाले, 'आणि फूल?'

'तो दारातच बसायचा.'

मला हसू आवरेना. मशीनच्या गोल दारात डोकं घालून उरलेला मोजा शोधायचं नाटक केलं. आत हसले तर घुमलं! बाहेर आईंचा आवाज, 'बघा, अजून लाजते.'

घरी येताना कोपऱ्यावर दोघी थांबलो आणि हसून घेतलं. आईंनी माझा दंड धरला होता. हसणं संपल्यावरही जरा वेळ तसाच.

एक विचारायचं राहिलं — मलाही कुरळेच केस आहेत, म्हणून का ह्यांनी मला पसंत केलं? विचारलं नाही.

२२ मार्च, शनिवार

धुवायला काही उरलेलं नाही! दोन बायकांचे कपडे ते किती? पडदे धुतले. सोफ्याची कव्हरं धुतली. पायपुसणी, स्वयंपाकघरातले हातमोजे, छत्रीचं कापडसुद्धा. आज सकाळी मी कपाटातले स्वच्छ टॉवेल हळूच मळक्या टोपलीत टाकले. वळते तर आई मागे. त्यांच्या हातात टेबलक्लॉथ, त्यावर चहाचा एवढा मोठा डाग. डाग अजून वाफाळत होता.

'सांडला,' त्या म्हणाल्या.

'हो का.'

'टॉवेल कशाने मळले?'

'धूळ फार आहे.'

मग आई शांतपणे म्हणाल्या, 'मशीन चालतं की गं. परवा तू कामावर असताना मी त्यात माझा स्वेटर धुतला. कव्हर आणि टोपली होती तशी ठेवली.'

मी टेबलक्लॉथ घेतला, टॉवेलांवर ठेवला, पिशवीचं तोंड बांधलं.

'चल,' आई म्हणाल्या, 'नाहीतर मशीनं भरतील.'

२६ मार्च, बुधवार

भावजींचा फोन. शनिवारी सकाळी पोहोचतात, रविवारी दुपारच्या गाडीची दोघांची तिकिटं काढली आहेत. 'वहिनी, तुम्हाला फार झालं. आता तुम्हीही मोकळ्या व्हा.' चांगले आहेत भावजी. काळजीनेच बोलतात. पण मोकळं होऊन करायचं काय, ते कोणीच सांगत नाही.

मी आज बोलायचं ठरवलं होतं. आई, राहा ना. एवढंच तर आहे! चहा घेऊन गेले, समोर बसले. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाले, 'अर्धा पुरे?'

कोणत्या तोंडाने सांगू? मला मूल नाही. ह्यांच्यामुळे त्या माझ्या आई, आणि हे नाहीत. तिकडे पोटचा मुलगा, नातवंडं, त्यांची स्वतःची खोली, खाली बाकावर बसणाऱ्या मैत्रिणी. इथे काय? एक गप्प बाई आणि एक लॉन्ड्री. आणि त्यांनाच जायचं असेल तर? मी राहा म्हटलं तर भिडेखातर राहतील. नाही म्हटलं तर — मग मला कळेल, की त्या नुसत्या पाहुण्याच होत्या.

त्यांनीही काही विचारलं नाही. बॅग पलंगाखालून ओढून बाहेर काढून ठेवली आहे. अजून रिकामी आहे. मी येता-जाता बघते.

२८ मार्च, शुक्रवार

बॅगेत चपलांचा एक जोड.

२९ मार्च, शनिवार

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

भावजी सकाळी आले. जेवणं झाली. आई म्हणाल्या, 'प्रवासाआधी कपडे धुवून घेऊ. मळके कपडे बांधून नेऊ नये.' भावजींना वाटलं घरच्या मशीनमध्ये. आई म्हणाल्या, ते बिघडलंय. मी मान डोलावली. भावजींनी पिशवी उचलली. म्हणजे तेही बरोबर आले! मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता.

लॉन्ड्रीत बेकरीवाल्या होत्याच. आईंनी ओळख करून दिली, 'हा माझा मुलगा.' बेकरीवाल्यांचा चेहरा फुलला. 'अरे वा! भाऊ, तुमची ताई काय वस्ताद होती हो लहानपणी! भुवई काय कापते, कणकेत निकाल काय पुरते!'

भावजी हसले. 'ताई? आम्हाला ताई नाही. भुवई तर दादाने कापली होती.' मग माझ्याकडे वळून, 'वहिनी, ह्या कोणाबद्दल बोलतायत?'

वहिनी!

बसवाले काकांनी पेपर खाली ठेवला. बेकरीवाल्या माझ्याकडे, मग भावजींकडे. 'भाऊ बहिणीला वहिनी म्हणतो?'

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. आईंच्या हातात उशीची खोळ होती. तिची घडी पूर्ण केली, टेबलावर ठेवली, वरून हात फिरवला. म्हणाल्या, 'ही माझी सून. भुवई कापली ती माझ्या मोठ्या मुलाने. नापास तो झाला, कुत्रं त्याने आणलं. तो या हिवाळ्यात गेला. मी तुम्हाला खोटं सांगितलं.'

'गेला' म्हणाल्या. आवाज अगदी सरळ, खोळीच्या घडीसारखा.

मी 'अरेरे'ची वाट बघत होते. डोळे मिटूनच घेतले.

बेकरीवाल्या म्हणाल्या, 'म्हणजे लग्न बाईंशीच करायचं होतं!'

आई म्हणाल्या, 'हो.'

'तरीच! मला ते भावाचं काही पटलंच नव्हतं. दारात बसायचा म्हणे! घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, या गोष्टीत काहीतरी गोम आहे.'

आधी बसवाले काका हसले. मग आई. अशा हसल्या, की खुर्ची द्यावी लागली. हसता हसता डोळे पुसत होत्या आणि बेकरीवाल्यांनी त्यांच्या हातात स्वतःचा धुतलेला ॲप्रन दिला, रुमाल म्हणून. 'मावशी, आता पुन्हा पहिल्यापासून सांगा, मुलगा धरून. मी सगळं मुलगी समजून हसले, माझं हसणं वाया गेलं!'

आणि आईंनी सांगितलं. भुवई, कणीक, कुत्रं, सगळं. आला, पडला, म्हणाला. एकदाही अडखळल्या नाहीत. भावजी उभे राहून ऐकत होते, तोंड उघडं. कुत्र्याची गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती, ते तेव्हा पाळण्यात होते.

मग शेवटचं मशीन जोरात फिरायला लागलं, चादरी पिळायला. विमान उडावं तसा आवाज. भावजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, 'आईची औषधं वेगळ्या पिशवीत द्याल का? उद्या गडबड नको.'

मी म्हणाले, 'नेऊ नका.'

'काय?'

'आईंना नेऊ नका!'

'काय आणू नको?'

मला राग आला. कशाचा देव जाणे. सगळा श्वास गोळा करून ओरडले, 'आईंना नेऊ नका, मला त्या हव्या आहेत!'

आणि 'आईंना'च्या पुढे मशीन थांबलं. बाकी सगळं स्वच्छ शांततेत! नवीन आलेला एक माणूस दारातच पिशवी धरून उभा राहिला. आत यावं की नको, त्याला कळेना.

इतक्या मोठ्यांदा मी कधीच बोलले नव्हते. लग्नातसुद्धा माझा आवाज कुणी ऐकला नव्हता.

भावजी लाल झाले. 'वहिनी, मला वाटलं तुम्हालाच... मी तर तुमच्यासाठी...'

'थांब,' आई म्हणाल्या. खुर्चीतून उठल्या. 'मी काय चादर आहे, दोघांनी दोन टोकं धरायला? मला कुणी विचारलं?'

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं! मीही नाही. म्हटलं, 'आई, तुम्हाला काय हवंय?'

त्या म्हणाल्या, 'उद्या सांगते. आता खरीखुरी चादर धरा दोघं.'

भावजींनी आणि मी घडी घातली. त्यांनी टोकं उलटी धरली. तिरकी झाली.

३० मार्च, रविवार

सकाळी बॅग बंद होती. मी डबा केला, दोघांच्या प्रवासाचा. काय करणार, सांगतील म्हणाल्या होत्या आणि सांगत नव्हत्या!

भावजी टॅक्सी बघायला निघाले तेव्हा आई म्हणाल्या, 'एक तिकीट रद्द कर. आणि ही बॅग ने, यात मुलांसाठी खाऊ आणि तू मागच्या वेळी विसरलेल्या चपला आहेत. माझा गाऊन आणि दुसरा चष्मा पाठव.'

भावजी दारातून परत आले. मग म्हणाले, 'किती दिवस, आई?'

'बघते.'

त्यांनी वाकून आईंना नमस्कार केला तेव्हा मी पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते. पण दारात मला म्हणाले, 'वहिनी, मशीन बिघडलेलं नाही ना? मी सकाळी बटण दाबून पाहिलं.' मी दारातल्या चपला सरळ करायला वाकले. 'असू द्या,' म्हणाले. 'मी पुढच्या महिन्यात येतो. माझेही कपडे घेऊन.'

टॅक्सी गेली. आनंद व्हायला हवा, झालाही. पण मनात एक टोचणी आहेच. चारचौघांत ओरडले, त्यांना भीड पडली असेल. आता नाही कसं म्हणायचं, म्हणून राहिल्या असतील. 'बघते' म्हणजे काय? विचारायला धीर होत नाही.

आईंच्या वाटणीचा डबा दोघींनी घरीच खाल्ला.

२ एप्रिल, बुधवार

लॉन्ड्री. बेकरीवाल्या आल्या नव्हत्या, दोघीच. मशीन लावलं, बसलो. मी वाट बघत होते, आज कोणती गोष्ट. आई म्हणाल्या, 'माझ्याकडचा संपला. तो नोकरीला लागला, घरातून निघाला, तिथे माझा संपतो. वर्षातून दोनदा यायचा, जेवायचा, जायचा. त्याच्या पुढचा सगळा तुझ्याकडे आहे, आणि तू तर तोंडच उघडत नाहीस. मी राहिले कशाला असं वाटतं तुला?' मी खुर्ची जवळ ओढली. मग सुरू केलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ह्यांनी माझा प्रयोगशाळेतला पांढरा कोट लाल टॉवेलाबरोबर धुतला, आणि संध्याकाळी दारातच मला म्हणाले — 'हळू,' आईंनी माझा हात धरला. 'एवढ्यात सगळं नको. पुरवून पुरवून सांग.'